‘हर-टू पॉझिटिव्ह’ म्हणजे काय?

स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीचा तपासणी अहवाल हाती पडला की पुष्कळ कुटुंबे तो घेऊन माझ्याकडे अर्थ विचारायला येतात. मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा डॉक्टर. अहवालाच्या शेवटी तीन नावे असतात : ईआर, पीआर आणि हर-टू. पहिली दोन संप्रेरकांशी संबंधित आहेत, त्यांच्याविषयी पुन्हा कधीतरी. आज हर-टूविषयी. कारण सर्वांत जास्त घोटाळा याच नावाने होतो. एका गृहस्थांनी ‘पॉझिटिव्ह’ एवढा एकच शब्द वाचून घरात पत्नीचे ताट-वाटी वेगळे केले होते. त्यांना तो एड्सचा अहवाल वाटला! (एड्स असला तरी ताट वेगळे करण्याची गरज नसते, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

हर-टू हे आपल्या शरीरातलेच एक प्रथिन आहे. तुमच्या-माझ्या पेशींतही ते असते. पेशीच्या बाहेरच्या आवरणात ते रोवलेले असते, अर्धे बाहेर, अर्धे आत. पेशीने वाढावे, दोनाच्या चार व्हाव्यात, असा निरोप आत पोचवणे हे त्याचे काम. निरोगी पेशीवर अशी प्रथिने साधारण वीस हजारांच्या घरात असतात. मात्र काही कर्करोगांत हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या जादा प्रती तयार होतात, आणि मग एकेका पेशीवर त्यांची संख्या वीस लाखांपर्यंत जाते. दारावर एक घंटा असावी तिथे शंभर घंटा अखंड वाजत राहिल्यासारखे होते. पेशी थांबायचेच विसरते. हा बिघाड त्या गाठीपुरता असतो. तो संसर्गाने लागत नाही, आणि आईकडून मुलीकडे वारशानेही जात नाही.

अमेरिकेतील लॉस एंजेलिसचे डॉ. डेनिस स्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली १८९ स्त्रियांच्या गाठी तपासून दाखवले, की ज्यांच्या गाठीत या जनुकाच्या प्रती जास्त, त्यांचा आजार लवकर उलटतो. म्हणजे हे प्रथिन आजाराची खूण ठरले. आज स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण १५ ते २० टक्के हर-टू पॉझिटिव्ह निघतात.

पण नुसती वाईट बातमी सांगणाऱ्या खुणेचा रुग्णाला काय उपयोग? खरी गंमत पुढेच आहे. प्रथिनाचा अर्धा भाग पेशीच्या बाहेर असल्यामुळे औषधाला तो पकडता येतो. नेमके त्यालाच चिकटणारे प्रतिपिंड तयार करण्यात आले. त्याचे नाव ट्रास्टुझुमॅब. १९९८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपीच्या जोडीने ते दिल्यास आजार उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटते, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत दिसले. एके काळी जी गाठ सर्वांत खोडकर समजली जाई, तिच्यावरच हमखास नेम धरता येऊ लागला. मात्र हर-टू नसलेल्या गाठीवर हे औषध देण्यात अर्थ नाही. खर्च तेवढा होतो.

हे औषध सहसा दर तीन आठवड्यांनी, वर्षभर दिले जाते. केस गळणे, उलट्या हा त्रास बहुधा सोबतच्या केमोथेरपीचा असतो. याचा मुख्य धोका हृदयाला. म्हणून सुरू करण्यापूर्वी आणि पुढे साधारण दर तीन महिन्यांनी टू-डी इको करावा लागतो. ‘आता बरे वाटते’ म्हणून तो टाळू नये. गरोदरपणात हे औषध देत नाहीत. किमतीबद्दल सांगायचे तर पूर्वी ती सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. २०१३ साली भारतीय बनावटीच्या पर्यायी औषधाला आपल्याकडे मान्यता मिळाली, पुढे आणखी कंपन्या आल्या आणि भाव उतरले. तरी खर्च मोठाच आहे. तेव्हा शासकीय योजनेत काय बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारून घ्यावे.

आता माझ्या कामाच्या टेबलावरचे दुखणे. ही तपासणी गाठीच्या तुकड्यावर होते, आणि तुकडा नीट राखलेला नसेल तर अहवालावर भरवसा ठेवता येत नाही. माझ्याकडे गाठी कशाकशात येतात! सलाईनमध्ये, स्पिरिटमध्ये, एकदा तर नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, तीही रात्रभर एसटीतून प्रवास करून. काढलेली गाठ तासाभराच्या आत १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवी, द्रव गाठीच्या दसपट हवा, आणि मोठी गाठ मधोमध चिरलेली हवी, म्हणजे द्रव आत मुरतो. हे काम शस्त्रक्रिया करणाऱ्यांचे. परंतु ‘गाठ फॉर्मॅलिनमध्ये ठेवणार ना?’ एवढे नातेवाइकांनी विचारले तर कोणी रागावू नये. त्याहून बरे म्हणजे, शस्त्रक्रियेपूर्वीच सुईने तुकडा काढून तिन्ही तपासण्या करून घेणे.

अहवालात ३+ लिहिले असेल तर पॉझिटिव्ह. ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह. २+ म्हणजे ठाम सांगता येत नाही, आणि तेव्हा ‘फिश’ नावाची जनुकाची तपासणी करावी लागते. ती पैसे वाचवण्यासाठी सोडून देणारे मी पाहिले आहेत. वर्षभराचा उपचार ज्या उत्तरावर अवलंबून आहे, ते उत्तरच न घेण्याचा हा प्रकार. १+ चा कागदही फेकू नका. आजार शरीरात पसरलेला असेल तर अशा कमी प्रमाणातील हर-टूवरही चालणारे नवे औषध २०२२ पासून उपलब्ध झाले आहे. प्रयोगशाळेत मेणाचा एक छोटा ठोकळा असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. त्यात गाठीचा तुकडा वर्षानुवर्षे टिकतो. मुंबईला किंवा पुण्याला जाताना तो मागून सोबत न्यावा, म्हणजे पुन्हा तुकडा काढावा लागत नाही.

एका वाचक भगिनींनी विचारले आहे, की ही तपासणी रक्तावरून होत नाही का? उपचार ठरवण्यासाठी नाही, त्यासाठी गाठीचा तुकडाच लागतो. आणि ज्यांना गाठच नाही, त्यांनी ‘आधीच बघून ठेवू’ म्हणून ही तपासणी करून घेण्याचे कारण नाही. नवी गाठ, आत ओढले गेलेले बोंड, बोंडातून रक्त येणे, यांपैकी काही आढळले, तर मात्र दुखत नाही म्हणून थांबू नये. अशी गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाहीच.