मेकफाइलमधील दोष आणि त्यांचे निराकरण : एक विवेचन

बीजसंज्ञा : मेक, मेकफाइल, संकलन, अवलंबित्व, दोषशोधन

प्रस्तावना :
मोठ्या संगणकीय प्रकल्पाची आज्ञावली शेकडो फाइलींमध्ये विभागलेली असते. प्रत्येक बदलानंतर सर्व फाइली नव्याने संकलित करणे वेळखाऊ ठरते. तर कोणती फाइल बदलली हे स्मरणावर सोपविल्यास चूक अटळ असते. ‘मेक’ या साधनाचा जन्म अशाच एका चुकीतून झाला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ बरोबर असलेल्या आज्ञावलीतील चूक शोधण्यात वाया गेली. चूक आधीच दुरुस्त झाली होती, परंतु ती फाइल पुन्हा संकलित झालेली नव्हती. त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये यावर उपाय म्हणून मेक तयार केले. या कार्याबद्दल त्यांना २००३ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार प्राप्त झाला. तथापि मेकफाइल सदोष असल्यास, जी चूक टाळण्यासाठी हे साधन निर्माण झाले तीच त्यातून पुन्हा उद्भवते. प्रस्तुत लेखात अशा दोषांचे स्वरूप व निराकरण यांचा विचार केला आहे.

मेकचे कार्यतत्त्व :
मेकफाइलमधील नियमाचे तीन घटक असतात : लक्ष्य, पूर्वावश्यक फाइली आणि कृती. लक्ष्य अस्तित्वात नसेल किंवा एखादी पूर्वावश्यक फाइल त्याहून नवी असेल, तरच कृती केली जाते. मेक फाइलीतील मजकूर पाहत नाही. केवळ शेवटच्या बदलाची वेळ पाहते. बहुतेक दोषांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

दोषांचे प्रकार :
१) लेखनविषयक दोष : कृतीची ओळ टॅबने सुरू व्हावी लागते. टॅबऐवजी रिकाम्या जागा टंकित झाल्यास ‘मिसिंग सेपरेटर’ असा संदेश येतो. दोन्ही पडद्यावर सारख्याच दिसत असल्याने नवशिक्या विद्यार्थ्याचा येथे गोंधळ होतो. हा दोष त्रासदायक असला तरी निरुपद्रवी आहे, कारण तो स्वतःहून प्रकट होतो.

२) कृतीविषयक दोष : सर्वसाधारणपणे कृतीची प्रत्येक ओळ स्वतंत्र शेलमध्ये चालते. त्यामुळे एका ओळीत ‘सीडी’ आज्ञेने बदललेली निर्देशिका पुढील ओळीत टिकत नाही. तसेच शेलसाठी असलेले डॉलरचिन्ह दोनदा लिहावे लागते, अन्यथा मेक त्याचा अर्थ स्वतःच लावते. कृती मध्येच फसल्यास अर्धवट लिहिलेली लक्ष्यफाइल मागे राहू शकते. तिची वेळ नवी असल्याने पुढील खेपेस मेक तिला पूर्ण समजते. ‘डिलीट ऑन एरर’ या विशेष लक्ष्याने हा धोका टळतो.

३) अवलंबित्वविषयक दोष : हा सर्वांत घातक प्रकार होय. उदाहरणार्थ, वेतनपत्रकाच्या सी भाषेतील प्रकल्पात शीर्षफाइलीतील नावाची लांबी २० वरून ४० अक्षरे केली. ‘वेतन’ फाइलीच्या नियमात शीर्षफाइलीची नोंद आहे, ‘छपाई’च्या नियमात नाही. परिणामी छपाईचा भाग जुन्याच मांडणीने नोंदी वाचतो. जोडणी विनातक्रार पार पडते, पण छापलेला वेतनाचा आकडा चुकीचा येतो. जीसीसी संकलकाचा ‘-एमएमडी’ पर्याय अशा नोंदी आपोआप तयार करतो. मात्र तयार झालेल्या नोंदफाइली मेकफाइलमध्ये समाविष्ट कराव्या लागतात.

अपूर्ण नोंदी समांतर संकलनातही अडचण निर्माण करतात. ‘-जे’ पर्यायाने अनेक कामे एकाच वेळी चालतात व पूर्वी योगायोगाने बरोबर असलेला क्रम बिघडतो. म्हणून प्रकल्प एकदा फसतो, एकदा यशस्वी होतो.

दोषशोधनाचा क्रम :
समांतर संकलन थांबवून प्रथम पहिला त्रुटिसंदेश वाचावा. नंतरचे संदेश बहुधा त्याचेच परिणाम असतात. ‘-एन’ पर्यायाने कृती न करता तिची यादी मिळते. मात्र ज्या ओळींत मेकलाच पुन्हा पाचारण केलेले असते, त्या तेव्हाही चालतात. एखादे लक्ष्य का बांधले गेले हे ‘ट्रेस’ पर्याय सांगतो, तर ‘-डी’ पर्याय संपूर्ण निर्णयप्रक्रिया उलगडतो. ‘क्लीन’ नावाची फाइल निर्देशिकेत असल्यास त्या नावाचे लक्ष्य चालत नाही. त्यासाठी ते ‘फोनी’ घोषित करावे. फाइली दुसऱ्या संगणकावर असल्यास दोन्ही घड्याळे जुळतात का, हेही तपासावे.

निष्कर्ष :
सर्व काही पुसून नव्याने संकलन केल्यावर अडचण दूर झाली, तर अनेकजण तेथेच थांबतात. वस्तुतः ते निराकरण नसून निदानाचा आरंभ होय. अवलंबित्वाच्या किंवा वेळेच्या नोंदीत दोष आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते. मोठ्याने थांबणाऱ्या मेकफाइलपेक्षा निमूटपणे चुकीचे फलित देणारी मेकफाइल अधिक धोकादायक असते. म्हणून महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत आज्ञावलीइतकीच मेकफाइलही तपासली जाणे आवश्यक आहे.