वीजतंत्र्याची उमेदवारी आणि कामगार संघटना

डॉक्टर कसा होतो, वकील कसा होतो, हे आपल्या शहरातल्या बहुतेक पालकांना ठाऊक असते. वायरमन कसा होतो असे विचारले, तर उत्तर मिळते, "कुणाच्या तरी हाताखाली राहतो आणि होतो." हे उत्तर अगदीच चुकीचे नाही. हाताखाली राहिल्यावाचून हा धंदा येतच नाही. परंतु कोणाच्या हाताखाली, किती दिवस, कोणत्या करारावर, आणि त्या मुलाला इजा झाली तर जबाबदार कोण, हे चार प्रश्न त्या उत्तरात गडप होतात. त्या प्रश्नांची उत्तरे आम्हांला जशी समजली आहेत तशी येथे मांडावयाची आहेत. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. जे काही समजले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा वाचकांनी ठेवू नये; हिशेब मात्र चोख मिळेल.

प्रथम हे पाहू की या विद्येला आपल्या भागात काम आहे की नाही. सातारा व सांगली हे पूर्वी एकाच जिल्ह्याचे दोन भाग होते, आणि यंत्रविद्येचे बी येथे फार लवकर पडले. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वाडी वसवली आणि ज्यांनी कधी यंत्र पाहिले नव्हते अशा खेडुतांतून कारागीर तयार केले. १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला. त्यांचा प्रभाकर कंदील गावोगाव पोचला. पुढे त्या कंदिलाची जागा विजेच्या दिव्याने घेतली, आणि १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली. आज कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांचे पंप कृष्णेचे पाणी उचलून खानापूर, आटपाडी, जत, कवठेमहांकाळच्या कोरड्या शिवारांकडे नेतात. याशिवाय साखर कारखाने आहेत. सातारा, तासवडे, मिरज, कुपवाड येथील औद्योगिक वसाहती आहेत. या सगळ्यांचा प्राण एका तारेवर आहे, आणि ती तार सांभाळणारा माणूस लागतोच.

मग हा माणूस घडायला वेळ का लागतो? चार तारा जोडायला काय लागते, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी एक साधा हिशेब देतो. घरातल्या दिव्यांच्या वाटेवर पाच अँपिअरचा फ्यूज असतो. म्हणजे त्यातून पाच अँपिअरहून बराच जास्त प्रवाह गेल्याशिवाय तो वितळत नाही. माणसाच्या छातीतून जाणारा प्रवाह एका अँपिअरच्या दहाव्या भागाइतका असला, तरी हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. तात्पर्य, फ्यूज हा तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. माणसाचे रक्षण करणारे उपकरण वेगळे आहे. ते जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या प्रवाहातला फरक पाहते आणि अवघ्या ३० मिलिअँपिअरच्या, म्हणजे अँपिअरच्या हजार भागांतल्या तीस भागांच्या, गळतीला वीज तोडते. हा भेद ज्याला कळला नाही, तो फ्यूज वारंवार जातो म्हणून त्या जागी जाड तार बसवतो आणि आपण काम केले असे समजतो.

दुसरे उदाहरण खांबावरचे. वरून वीज बंद केली, आता तार मेलेली आहे, असे समजून तारेला हात लावणारा माणूस निम्मेच शिकलेला असतो. गावात कोणी चुकीच्या रीतीने जनरेटर जोडला असेल, तर त्याची २३० व्होल्टची वीज उलटी रोहित्रात शिरते आणि पलीकडे ११,००० व्होल्ट होऊन निघते. म्हणून पुरवठा बंद करणे, तेथे कुलूप घालणे, तार खरोखर मेली आहे का हे उपकरणाने तपासणे, ती जमिनीशी जोडणे आणि लेखी परवाना हातात घेणे, या पाच पायऱ्या पुऱ्या झाल्यावरच काम सुरू करावयाचे असते. पुस्तकात हे अर्ध्या पानात आटोपते. परंतु पाऊस पडत असताना, खाली लोक ओरडत असताना आणि साहेब फोनवर घाई करीत असताना एकही पायरी न गाळण्याची सवय अंगी मुरायला वर्षे लागतात. ती सवय जाणत्या कामगाराशेजारी उभे राहूनच लागते. उमेदवारीचे खरे प्रयोजन हेच होय.

आता प्रत्यक्ष वाट पाहू. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे ज्याला सर्वजण आयटीआय म्हणतात तेथे, वीजतंत्री किंवा तारतंत्री या व्यवसायाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. हा अभ्यासक्रम उतरल्यावर एखाद्या कारखान्यात किंवा महावितरणमध्ये साधारण एक वर्षाची उमेदवारी करावी. तिची नोंदणी आता सरकारच्या संकेतस्थळावर होते. शेवटी परीक्षा होऊन उमेदवारीचे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. पुढे दोन-तीन दिशा फुटतात. महावितरणमध्ये विद्युत सहाय्यकाची भरती निघते. तेथे आयटीआयचे प्रमाणपत्र लागते, आणि मानधनावरची पहिली तीन वर्षे काढल्यावर तंत्रज्ञाची जागा मिळते. दुसरी दिशा कारखान्याच्या देखभाल खात्याची. तिसरी स्वतंत्र धंद्याची. तिला मात्र शासनाच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना हवा. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर बाकीचे वीजकाम परवानाधारक कंत्राटदारामार्फत आणि प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीच झाले पाहिजे, असे १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी सांगितले, आणि नंतरच्या नियमांनीही ते तत्त्व सोडलेले नाही.

एवढी सरळ वाट असताना मुले मागच्या दाराने का शिरतात? गरज आणि घाई, ही दोन कारणे. कंत्राटदार रोजचे पैसे रोज देतो. आयटीआयला दोन वर्षे घालवायची म्हणजे घरातला एक मिळवता हात कमी. आमच्याकडे आलेले एक पालक म्हणाले होते, "साहेब, तो हुशार आहे, तीन महिन्यांत सगळे शिकला." आम्ही त्यांना विचारले, "दादा, काम शिकला हे कबूल, पण हजेरीपुस्तकात त्याचे नाव आहे का?" नाव कोठेच नव्हते. उद्या तो मुलगा शिडीवरून पडला असता, तर तो तेथे कामाला होता हे सिद्ध करण्यातच त्यांचे वर्ष गेले असते.

येथे कायद्याचे महत्त्व येते. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा. त्याप्रमाणे मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो. उमेदवार अज्ञान असेल तर पालक सही करतो. दरमहा विद्यावेतन द्यावे लागते. २०१९ च्या नियमांत त्याची किमान रक्कम शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० रुपये ठरवली गेली. त्याच नियमांनी ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेण्याचे बंधन घातले. उमेदवाराला नगावर मोबदला देता येत नाही. सल्लागार अधिकाऱ्याच्या संमतीवाचून त्याला जादा वेळ राबवता येत नाही. कारखान्यातील आरोग्य व सुरक्षिततेच्या तरतुदी त्याला लागू आहेत, आणि कामावर इजा झाली तर भरपाई मालकाने द्यावयाची आहे. तंटा झाल्यास तो त्याच सल्लागार अधिकाऱ्याकडे नेता येतो.

परंतु याच कायद्याचे अठरावे कलम म्हणते की उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे, आणि त्याला कामगार कायदे लागू नाहीत. बाविसावे कलम म्हणते की शिक्षण संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. तसा करार असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय २०१४ च्या दुरुस्तीने मालकाला असलेली कैदेची भीती गेली आणि दंड तेवढा उरला. उमेदवाराला कामगार न म्हणण्यामागचा हेतू वाईट नव्हता. शिकणाऱ्याला शिकू द्यावे, त्याच्यावर उत्पादनाचा बोजा पडू नये, हा तो हेतू. पण व्यवहारात काय घडते? काही ठिकाणी कायम कामगाराची जागा रिकामी ठेवून तेथे उमेदवार उभा करतात, वर्ष संपले की दुसरा आणतात. शिकवणारा कोणी नसतो, कारण शिकवणाऱ्याचीच जागा भरलेली नसते. मुलाने तक्रार केली तर मालक म्हणतो, "तू कामगार नाहीस." तो संघटनेच्या कचेरीत आला तर तेथेही त्याला हेच वाक्य ऐकावे लागते. दोन्ही दारांवर एकच पाटी पाहून पोराने जावे कोठे?

एक आधार मात्र न्यायालयाने दिला आहे. उत्तर प्रदेशातील परिवहन महामंडळाच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की इतर बाबतीत बरोबरी असेल, तर बाहेरच्या अर्जदारापेक्षा उमेदवारी केलेल्याला प्राधान्य द्यावे, आणि वयाच्या अटीतही त्याचा विचार व्हावा. हा नोकरीचा हक्क नव्हे. पण भरतीच्या वेळी पुढे करता येईल असा निर्णय आहे. तो किती उमेदवारांना माहीत आहे?

बाहेरच्या देशांत या प्रश्नाकडे कसे पाहतात हे येथे सांगितले पाहिजे. अमेरिकेत १८९१ साली सेंट लुई शहरात वीजकामगारांची संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष हेन्री मिलर हे स्वतः तारांवर काम करणारे होते, आणि १८९६ साली कामावर असतानाच विजेचा धक्का बसून खांबावरून पडल्याने ते गेले. ज्या संघटनेचा पहिला अध्यक्ष असा जातो, तिला नवशिक्याच्या शिक्षणाची आस्था असावी यात नवल नाही. पुढे १९४१ साली या संघटनेने वीज कंत्राटदारांच्या संघाशी मिळून उमेदवारीची संयुक्त राष्ट्रीय समिती उभारली. तेथे इमारतींच्या व कारखान्यांच्या वीजकामाची उमेदवारी साधारण पाच वर्षांची आणि प्रत्यक्ष कामाच्या ८,००० तासांची असते. वर्गातले शिक्षण त्याखेरीज. पहिल्या दिवसापासून पगार मिळतो आणि शिक्षण वाढेल तसा तो कसबी कामगाराच्या पगाराच्या जवळ सरकत जातो. जर्मनीत ही उमेदवारी साडेतीन वर्षांची असून परीक्षा मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने बसतात. दोन्हीकडे तत्त्व एकच, की धंदा कोणाला आला हे ठरवताना धंदा करणाऱ्याचे मत घेतले जाते.

आपल्या कायद्यात संघटनेला अशी जागा दिलेली नाही, हे खरे. पण कायद्याने खुर्ची दिली नाही म्हणून उभे राहण्यालाही बंदी नाही. आपल्या दोन जिल्ह्यांतल्या संघटनांनी चार गोष्टी आजच कराव्यात असे आम्हांला वाटते. पहिली, आपल्या कारखान्यात किती उमेदवार आहेत, त्यांचे करार नोंदले आहेत का, याची वही ठेवावी. दुसरी, प्रत्येक उमेदवाराला एक जाणता कामगार नेमून द्यावा आणि त्याच्या सांगण्याशिवाय पोराने चालू तारेजवळ जाऊ नये असा दंडक घालावा. तिसरी, मालकाशी करार करताना पगारवाढीच्या कलमाशेजारी उमेदवारांच्या शिक्षणाचे आणि भरतीतील प्राधान्याचे एक कलम लिहून घ्यावे. चौथी, आठवड्यातून एक संध्याकाळ कचेरीचे दार या मुलांसाठी उघडे ठेवावे. तेथे नियम समजावून द्यावेत, परवान्याचे अर्ज भरून द्यावेत. या चौथ्या गोष्टीला एका सतरंजीपलीकडे खर्च नाही.

काही जुने सहकारी आम्हांला विचारतात, "हा आज वर्गणी देत नाही, उद्या दुसरीकडे जाईल, संघटनेला त्याचा काय उपयोग?" आमचे उत्तर असे की अर्धवट शिकलेला माणूस शेजारी काम करीत असेल तर पूर्ण शिकलेल्याचाही जीव धोक्यात असतो. चुकीच्या वेळी कळ दाबणारा हात वर्गणीची पावती पाहत नाही.

शेवटी दोन शब्द नागरिकांसाठी. घराचे काम काढताना आपण फरशीचा दर चार दुकानांत विचारतो, पण वायरिंग करणाऱ्याचा परवाना पाहत नाही. जो कमी पैसे सांगेल त्याला काम देतो. कमी पैशांत काम करणारा बहुधा बिनकराराची पोरे हाताखाली घेऊनच ते करू शकतो. तेव्हा परवाना मागावा, अर्थिंग तपासून घ्यावे, आणि शिडीवर चढलेला मुलगा कोण, त्याची नोंद कोठे आहे, हेही कंत्राटदाराला विचारावे. ज्या पालकांची मुले या धंद्यात जाऊ पाहतात त्यांनी पहिल्या पगाराच्या आकड्याआधी कराराचा कागद पाहावा. आपल्या भागात वीज पुष्कळ आहे आणि कामही पुष्कळ आहे. त्या कामावर गेलेले पोर शिकून, शाबूत परत यावे, एवढी तजवीज पालक, नागरिक आणि संघटना मिळून करू शकतात.