मोकळा प्लॉट आणि गाजरगवत

दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत पालिकेची एक नोटीस माझ्या हातीं पडली. घरामागील मोकळ्या प्लॉटवर तण माजलें आहे, तें पंधरा दिवसांत काढावें, न काढल्यास पालिका काढील आणि खर्च आपणांकडून वसूल करील, असा तिचा मजकूर. श्रोतेहो, जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांस स्वच्छतेचे धडे दिलेल्या मास्तराला ही नोटीस झोंबली, हें कबूल केलें पाहिजे. तक्रार शेजारच्या माईंची होती. त्यांना दमा आहे. वैशाखांत त्यांनीं मला एकदां सुचविलेंहि होतें, आणि "पावसाळा सरल्यावर पाहूं" असें उत्तर मीं दिलें होतें.

तें उत्तर अडाणीपणाचें होतें. माझ्या प्लॉटवर होतें गाजरगवत. नांवांत गवत असलें तरी जातीनें तें गवत नव्हेच. शेवंती-सूर्यफुलाच्या कुळांतील तें झुडूप आहे. पहिल्या पावसानंतर तें उगवतें आणि महिना-दीड महिन्यांत फुलतें. एकेका झाडास दहा हजारांहून अधिक बिया येतात. त्याच्या स्पर्शानें अंगावर चट्टे उठतात, आणि परागांनीं कित्येकांचा दमा बळावतो. म्हणजे पावसाळा सरेपर्यंत थांबणारा मालक पुढील वर्षाची पेरणीच करून ठेवतो!

हें तण मूळचें अमेरिका खंडांतील. पुण्यास १९५५ च्या सुमारास तें प्रकर्षानें नजरेस आलें. आयात गव्हाबरोबर आलें असें सर्रास सांगतात. परंतु १९ व्या शतकाच्या आरंभींच्या नोंदींतहि तें आढळतें, तेव्हां सारा दोष गव्हाच्या माथीं मारणें बरें नव्हे.

आपल्या जागेंत काय वाढावें हें ठरविणारी पालिका कोण, असा प्रश्न मलाहि पडला होता. पण बियांना कुंपण कळत नाहीं. अमेरिकेंतील सेंट लुइस शहरानें एक फुटाहून उंच तणास मनाई केली, आणि तो नियम मिसूरीच्या सर्वोच्च न्यायालयानें २० व्या शतकाच्या आरंभींच उचलून धरला. कर्नाटकानें १९७५ सालीं गाजरगवतास उपद्रवी तण म्हणून जाहीर केलें. इंग्लंडच्या १९५९ च्या कायद्यांत पांच तणें नांवानिशीं दिलीं आहेत. तेथें तण उगवणें हा गुन्हा नाहीं. नोटीस येऊनहि तें न काढणें हा गुन्हा. मला ही नांवानिशीं सांगण्याची रीत अधिक पटते. फूटपट्टीच्या नियमानें हातभर वाढलेलें निरुपद्रवी गवत सांपडतें, आणि वीतभर उंचीवर फुललेलें गाजरगवत सुटतें.

काढण्याची वेळ फुलण्यापूर्वींची. जमीन ओली असतांना, हातमोजे घालून, मुळासकट उपटावें. नुसतें कापल्यास बुडख्यांतून पुन्हां फुटतें. मोकळ्या झालेल्या जागीं टाकळा वाढूं द्यावा. तो दाट माजला म्हणजे गाजरगवतास दबवितो. त्याचीं पानें खाणारे मेक्सिकोचे भुंगेरे १९८४ पासून आपल्याकडे सोडलेले आहेत, परंतु ते येतील म्हणून वाट पाहणें माझ्या उत्तरासारखेंच व्हावयाचें.

त्या वर्षीं मीं दोन गडी लावून प्लॉट साफ केला. तेवढ्यानें भागलें नाहीं, कारण मातींतील बी कित्येक वर्षें जिवंत राहतें. आतां जूनपासून दर रविवारीं मी स्वतः तेथें जातों. माई खिडकींत बसून, माझ्या नजरेंतून निसटलेलीं रोपें काठीनें दाखवितात.