सोळा सेकंदांची तक्रार

घड्याळ जरा हळू करून पाहू. थोडंथोडकं नव्हे, चाळीस लाख पटींनी.

हा आकडा उगाच निवडलेला नाही. तुमच्या गाडीच्या ईसीएममध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या त्या बंद डबीत, हिशेब करणारा प्रोसेसर असतो. त्याच्या हुकमाने इंजेक्टर, रिले, व्हॉल्व्ह यांचा प्रवाह चालू-बंद करणारी ड्रायव्हर चिप त्याच्या शेजारी असते. दोघांचं बोलणं चार तारांवर चालतं. एक ताल धरते, दुसरी हुकूम नेते, तिसरी उत्तर आणते आणि चौथी ‘आता तुझी पाळी’ असं सांगते. मोटोरोलाने १९८०च्या दशकात आणलेली ही पद्धत एसपीआय या नावाने ओळखली जाते. ताल सेकंदाला चाळीस लाख ठोक्यांचा धरला, तर एका बिटच्या वाट्याला २५० नॅनोसेकंद येतात. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ७५ मीटरच जातो.

तर आपलं नवं घड्याळ असं: एक बिट म्हणजे एक सेकंद.

या घड्याळात पापणी लवायला नऊ दिवस लागतात. इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांनी किंचाळत असलं, तरी क्रँकची एक फेरी पुरी व्हायला अकरा तास सात मिनिटं जातात. क्रँक एक अंश सरकतो तोवर जवळजवळ दोन मिनिटं होतात. इंजेक्टर ३ मिलिसेकंद उघडा राहतो, ते इथले तीन तास वीस मिनिटं. आणि घरापासून कचेरीपर्यंतचा वीस मिनिटांचा रस्ता होतो १५२ वर्षांचा. पणजोबांनी गाडीत बसायचं आणि पणतूने उतरायचं.

आता या संथ जगात एक तार तुटू द्या. पर्ज व्हॉल्व्हची. पेट्रोलच्या टाकीतली वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या डब्यात साठवतात आणि हा व्हॉल्व्ह ती थोडीथोडी इंजिनात सोडतो. त्याची तार तुटली तर गाडी थांबत नाही, बहुधा धक्काही देत नाही. चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. मग चिपला कसा लागतो?

व्हॉल्व्हचं एक टोक बॅटरीला आणि दुसरं चिपच्या पायाला जोडलेलं असतं. व्हॉल्व्ह बंद असताना त्या पायावर बॅटरीचे बारा व्होल्ट दिसायला हवेत. चिप तिथून अगदी नाममात्र प्रवाह खाली ओढत राहते. तार शाबूत असेल तर त्याने काही फरक पडत नाही, तुटलेली असेल तर व्होल्टेज कोसळतं. शॉर्ट मात्र व्हॉल्व्ह चालू असतानाच पकडला जातो, कारण प्रवाह बेफाम वाढलेला तेव्हाच दिसतो. म्हणजे प्रत्येक दुखणं तपासण्याची वेळ वेगळी.

व्होल्टेज कोसळल्याबरोबर चिप ओरडत नाही. खड्ड्यातून जाताना सैल पिन क्षणभर उचलली गेली असेल, म्हणून ती साधारण शंभर मायक्रोसेकंद वाट पाहते. आपल्या घड्याळात सहा मिनिटं चाळीस सेकंद. तोवर सुधारणा नाही झाली, तर रजिस्टरमध्ये नोंद करते. ही नोंद कुणी वाचेपर्यंत पुसली जात नाही, मग तार पुन्हा चिकटली तरीही.

नोंद केवढी? दोन बिटांची. इन्फिनिऑनच्या टीएलई६२४० या सोळा चॅनलच्या, म्हणजे सोळा वस्तू चालवू शकणाऱ्या, चिपमध्ये ११ म्हणजे सगळं ठीक, १० म्हणजे शॉर्ट किंवा अतिताप, ०१ म्हणजे तार तुटली, ०० म्हणजे तार बॉडीला लागली. सोळा बिटांच्या एका उत्तरात आठ चॅनलची हकीकत मावते. या सोळा बिटांच्या ६५,५३६ जुळण्या होतात आणि त्यांतली एकच ‘आठही ठीक’ असं सांगते. सोळाही चॅनल धरले तर ४,२९,४९,६७,२९६ जुळण्या. बिनघोर अशी त्यांत एक, नुसत्या एक्क्यांची.

पण उत्तर आणणारी तारच वरच्या व्होल्टेजला चिकटून बसली तरी वाचताना नुसते एक्केच दिसतील. रोगी गप्प आहे आणि वैद्याने तब्येत उत्तम लिहिली, असा प्रकार. म्हणून अनेक चिपांत प्रोसेसरने ठरावीक आकडा पाठवायचा आणि तोच परत येतो का ते पाहायचं, अशी सोय असते.

समजा प्रोसेसर दर दहा मिलिसेकंदांनी विचारपूस करतो. आपल्या घड्याळात अकरा तासांनी एकदा. चिप सोळा सेकंदांत सांगून मोकळी होते: तार तुटली आहे.

इथपर्यंत सगळं घाईचं होतं. आता सावकाशी सुरू होते. तीन तासांच्या प्रवासात अशी विचारपूस १०,८०,००० वेळा होते. लाखात एकच उत्तर चुकीचं आलं, तरी त्या एका प्रवासात दहा-अकरा खोट्या आरोळ्या झाल्या असत्या. दर वेळी दिवा लागला तर आठवड्याभरात लोक त्याच्यावर पट्टी चिकटवतील. म्हणून प्रोसेसर नोंद वाचतो, पुसतो, पुन्हा विचारतो. तीच तक्रार सलग येत राहिली, तरच ती खरी धरतो. आणि तरीही बऱ्याच बिघाडांच्या बाबतीत डॅशबोर्ड अंधारातच राहतो. बिघाडाचा कोड ‘पेंडिंग’ म्हणून बाजूला पडतो. गाडीच्या पुढच्या फेरीतही तोच बिघाड सापडला, की मग चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो.

पुढची फेरी म्हणजे, समजा, उद्या सकाळी. आपल्या घड्याळात एक दिवस जवळजवळ अकरा हजार वर्षांचा होतो. पश्चिम आशियात माणूस गहू-जव पेरू लागला त्याला साधारण एवढाच काळ लोटला आहे. सोळा सेकंदांत सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास बसायला इतका वेळ लागला.

गॅरेजमध्ये मेकॅनिक स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावतो. पडद्यावर येतं पी०४४३. गंमत म्हणजे हा कोडही सोळा बिटांचाच: ०००० ०१०० ०१०० ००११. पहिले दोन बिट पी हे अक्षर ठरवतात आणि उरलेल्या चौदांत चारही आकडे बसतात. मेकॅनिक बॉनेट उघडतो, पर्ज व्हॉल्व्हचा कपलर चाचपतो. तार तुटलेली नाही, कपलर निसटला आहे; चिपला दोन्ही सारखंच. तो दाबतो. टक. बसला.

त्याने स्कॅनरवरून कोड उडवला तर विषय तिथेच संपतो. नाही उडवला, तर गाडी स्वतःच्या नियमाने चालते: सलग तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की दिवा विझतो, पण कोड स्मृतीत राहतो. इंजिन चाळीस वेळा थंडाचं गरम होईपर्यंत बिघाड परतला नाही, तरच तो पुसला जातो. रोज एकदा गाडी काढणाऱ्याला हे चाळीस दिवस.

आपल्या घड्याळात चार लाख अडतीस हजार वर्षं. आपली मानवजात पृथ्वीवर साधारण तीन लाख वर्षांपासून आहे.

तार तुटल्याचं सांगायला सोळा सेकंद लागले होते.