युगांडाला निघण्याआधी तारखा उलट्या मोजा

सुट्टीत युगांडातल्या एखाद्या शाळेत किंवा दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून जायचं ठरलं, की पहिली खरेदी पाठीवरच्या बॅगेची होते. खरं तर ती शेवटी करावी. आधी कॅलेंडर काढा आणि विमानाच्या तारखेपासून मागे मोजत या. काही गोष्टी कितीही पैसे मोजले तरी आयत्या वेळी मिळत नाहीत.

त्यातली पहिली पिवळ्या तापाची लस. युगांडात उतरताना तिचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं, आणि ते लस टोचल्यानंतर 10 दिवसांनी ग्राह्य धरलं जातं. नेहमीच्या डॉक्टरांकडे ही लस मिळत नाही. सरकारमान्य केंद्रावर वेळ घेऊन, पासपोर्ट बरोबर नेऊनच ती टोचून घ्यावी लागते. मुंबईत अशी केंद्रं आहेत, पण हव्या त्या दिवशी वेळ मिळेल असं गृहीत धरू नका.

परतताना भारतही हेच प्रमाणपत्र मागतो, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पिवळा ताप पसरवणारा एडिस डास आपल्याकडे मुबलक आहे. डेंग्यू पसरवतो तोच. पिवळ्या तापाचा विषाणू मात्र भारतात नाही. एखादा प्रवासी तो रक्तात घेऊन आला आणि इथला डास त्याला चावला, तर साथीला वाट मोकळी होईल. म्हणून प्रमाणपत्राशिवाय आलेल्या प्रवाशाला 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. संसर्ग झालाच असेल, तर साधारण तेवढ्या दिवसांत लक्षणं दिसू लागतात.

ही लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. मॅक्स थायलर यांनी ती 1930च्या दशकात विकसित केली आणि त्यासाठी त्यांना 1951 साली नोबेल मिळालं. लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, म्हणून अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर आधी सांगा. गोवरासारखी दुसरी जिवंत लस घ्यायची असेल, तर दोन्ही एकाच दिवशी घ्याव्यात, नाहीतर मध्ये 4 आठवडे जाऊ द्यावेत. एका डोसचं प्रमाणपत्र जुलै 2016 पासून आयुष्यभर चालतं, तेव्हा तो कागद जपून ठेवा.

मलेरियावर अशी एका टोचणीत सुटका नाही. युगांडात तो बहुतांशी फॅल्सिपेरम जातीचा, म्हणजे जीवघेणा ठरू शकणारा. प्रतिबंधक गोळी डॉक्टरच ठरवतील. डॉक्सिसायक्लिन दिली, तर ती निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू होते आणि परतल्यावरही 4 आठवडे रोज घ्यावी लागते. परजीवी आधी यकृतात लपून वाढतात आणि नंतर रक्तात उतरतात. ही गोळी त्यांना प्रामुख्याने रक्तात गाठते. घरी आलो म्हणून गोळ्या बंद करणं हा या सगळ्यातला सर्वांत धोक्याचा आळस. मच्छरदाणी तिथेही लागेलच.

परवान्याचं काम यजमान संस्थेवर सोडू नका. पगार नसला तरी काम ते काम. पर्यटक व्हिसावर ते चालेल असं समजू नका. कोणता परवाना लागतो हे संस्थेकडून लेखी घ्या. संस्था अनाथालयाची असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: जाऊ नका. अशा ठिकाणच्या अनेक मुलांचे आईवडील किंवा त्यांतलं एक जण हयात असतं, आणि पाहुण्यांच्या देणग्या हे मुलांना घरापासून दूर ठेवण्याचं कारण बनू शकतं. शिवाय चार आठवड्यांत लळा लावून निघून जाण्याचा भार लेकरांनीच का सोसायचा? त्यापेक्षा स्थानिक शिक्षक किंवा परिचारिका ज्या कामात मदत मागतील, ते काम घ्या.

थोडा इतिहासही वाचून जा. 1972 साली युगांडाचा तेव्हाचा हुकूमशहा इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला लावला; त्यांत बहुसंख्य भारतीय वंशाचे होते. भारतीय चेहरा तिथे नवखा नाही. लुगांडा भाषेतलं 'ओली ओत्या' (कसे आहात) आणि 'वेबाले' (धन्यवाद) एवढं तरी पाठ असू द्या. तिथे विचारपूस न करता थेट कामाचं बोलणं उद्धट वाटतं.

परतल्यानंतरच्या काही महिन्यांत ताप आला, तर साधा व्हायरल म्हणून थांबू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा, 'मी युगांडाहून आलोय' हे पहिल्या वाक्यात सांगा आणि मलेरियासाठी रक्त तपासून घ्या.