युसूफ मेहेरअली

युसूफ जाफर मेहेरअली (२३ सप्टेंबर १९०३ – २ जुलै १९५०) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक, काँग्रेस समाजवादी पक्षाचे एक संस्थापक आणि १९४२ साली मुंबईचे महापौर होते. ‘सायमन गो बॅक’ आणि ‘क्विट इंडिया’ या दोन्ही घोषणांचे जनकत्व त्यांच्याकडे दिले जाते. महापौरपदाची मुदत एक वर्षाची असली, तरी प्रत्यक्षात त्या आसनावर त्यांना जेमतेम चार महिने मिळाले.

पूर्वायुष्य

मेहेरअली यांचा जन्म मुंबईतील एका सधन व्यापारी मुस्लिम कुटुंबात झाला. त्यांच्या घराण्याचा कापड गिरणी व्यवसायाशी संबंध होता. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर त्यांनी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात कायद्याचे शिक्षण पूर्ण केले. मात्र त्यांच्या राजकीय हालचालींमुळे त्यांना वकिलीची सनद नाकारण्यात आली. कायद्याची पदवी असूनही न्यायालयात उभे राहण्याचा मार्ग अशा रीतीने बंद झाला आणि सार्वजनिक कार्य हेच त्यांचे पूर्णवेळ काम झाले.

१९२८ साली त्यांनी ‘बॉम्बे यूथ लीग’ची स्थापना केली. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला सायमन आयोग मुंबईच्या बंदरात उतरला. आयोगाला समुद्रातच काळे झेंडे दाखविण्याचा तरुणांचा बेत पोलिसांना आधी कळला. तेव्हा मेहेरअली व त्यांचे सहकारी हमालांच्या वेषात धक्क्यावर पोहोचले. ‘सायमन गो बॅक’ ही त्यांची घोषणा पुढे देशभर पसरली. त्या रात्री त्यांना लाठीमारही सोसावा लागला.

समाजवादी चळवळ

१९३४ साली जयप्रकाश नारायण, आचार्य नरेंद्र देव, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी इत्यादींसमवेत त्यांनी काँग्रेस समाजवादी पक्षाच्या स्थापनेत भाग घेतला. हा पक्ष काँग्रेसच्या अंतर्गतच काम करीत असे, आणि शेतकरी व कामगारांचे प्रश्न स्वातंत्र्याच्या मागणीशी जोडावेत असा त्याचा आग्रह होता. खानदेशातील वाचकांस याची खूण जवळच सापडेल. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या, खेड्यात झालेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनात सारा, खंड व कर्ज यांतून शेतकऱ्यास दिलासा देणारा कृषी कार्यक्रम मंजूर झाला, त्यामागे हाच विचारप्रवाह होता.

१९३८ मध्ये मेहेरअली जागतिक युवक परिषदेसाठी अमेरिकेस गेले आणि तेथून मेक्सिकोलाही जाऊन आले. समकालीन प्रश्नांवर सामान्य वाचकास परवडतील अशी छोटी पुस्तके भारतात नाहीत, ही उणीव त्यांना जाणवली. ती भरून काढण्याचा त्यांनी ‘पद्मा पब्लिकेशन्स’ या प्रकाशनसंस्थेद्वारे प्रयत्न केला.

महापौरपद

मुंबई महानगरपालिकेच्या अध्यक्षास १९३१ पासून ‘मेयर’ हे नामाभिधान मिळाले. ‘महापौर’ हा आज रूढ असलेला मराठी शब्द वि. दा. सावरकरांनी घडविला असे मानले जाते. नाव भारदस्त असले तरी अधिकार बेताचेच होते. १८८८ च्या महापालिका कायद्याने प्रत्यक्ष कारभार सरकारनियुक्त आयुक्ताच्या हाती दिलेला होता. महापौराने सभेचे अध्यक्षस्थान स्वीकारावे आणि शहराचे प्रथम नागरिक म्हणून मिरवावे, इतकेच त्या पदाकडून अपेक्षित होते. नगरसेवक दरवर्षी त्याची निवड करीत. ही मर्यादा लक्षात घेतल्याशिवाय मेहेरअलींच्या कारकिर्दीचे मोल कळत नाही.

ते लाहोरच्या तुरुंगात असतानाच त्यांचे नाव या पदासाठी पुढे आले. सुटकेनंतर १९४२ मध्ये ते निवडून आले. त्यावेळी त्यांचे वय ३८ वर्षांचे होते. तोवरच्या महापौरांमध्ये ते सर्वांत तरुण ठरले. काळ मोठा कठीण होता. मार्चमध्ये रंगून जपानच्या हाती पडले होते आणि एप्रिलच्या आरंभी कोलंबो व विशाखापट्टणम येथे बाँब पडले होते. मुंबईवरही हवाई हल्ला होईल ही भीती केवळ कल्पनेतील नव्हती. संरक्षणाची सरकारी व्यवस्था अपुरी असून तिच्या आखणीत नागरिकांना स्थान नाही, असा मेहेरअलींचा आक्षेप होता. त्या खर्चाचा भार महापालिकेने उचलावा या मागणीस त्यांनी विरोध केला. पण केवळ विरोध करून ते थांबले नाहीत; नागरिकांचे स्वयंसेवक दल उभारण्याचे काम त्यांनी हाती घेतले. कायद्याने न दिलेली सत्ता त्यांनी लोकांच्या सहभागातून मिळविली, असे म्हणता येईल.

‘क्विट इंडिया’

१९४२ च्या उन्हाळ्यात गांधीजी नव्या लढ्यासाठी घोषणेच्या शोधात होते. निरनिराळे शब्द सुचविले गेले. मेहेरअलींनी सुचविलेली ‘क्विट इंडिया’ ही घोषणा गांधीजींनी स्वीकारली, असे के. गोपालस्वामी यांनी ‘गांधी अँड बॉम्बे’ या ग्रंथात नोंदविले आहे. याच नावाची पुस्तिका मेहेरअलींनी प्रसिद्ध केली व बिल्लेही तयार करविले. मराठीत ही चळवळ ‘छोडो भारत’ किंवा ‘चले जाव’ या नावांनी ओळखली जाते, त्यामुळे मूळ दोन इंग्रजी शब्दांमागील माणूस मराठी वाचकाच्या नजरेआड राहिला असावा.

८ ऑगस्टला गवालिया टँक मैदानावर ठराव संमत झाला आणि ९ ऑगस्टच्या पहाटे धरपकड सुरू झाली. तीत महापौरही पकडले गेले. कारावासात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांना विशेष उपचारांसाठी हलविण्याची तयारी दर्शविली गेली, तेव्हा आपल्या आजारी सहबंद्यांनाही तीच सवलत मिळावी अशी अट त्यांनी घातली. ती मान्य न झाल्याने त्यांनी सवलत नाकारली. १९४३ मध्ये त्यांची सुटका झाली, परंतु गेलेली प्रकृती पूर्ववत झाली नाही. त्यांच्यानंतर महापौर झालेले मिनू मसानी हे समाजवादी पक्षातील त्यांचे जुने सहकारीच होते.

लेखन

‘लीडर्स ऑफ इंडिया’, ‘अ ट्रिप टू पाकिस्तान’ आणि ‘द प्राइस ऑफ लिबर्टी’ ही त्यांची इंग्रजी पुस्तके होत. मधु दंडवते यांनी त्यांचे चरित्र इंग्रजीत लिहिले आहे.

निधन व स्मारके

२ जुलै १९५० रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी त्यांना श्रद्धांजली म्हणून मुंबईतील बस, ट्राम, लोकलगाड्या, दुकाने व शाळा काही मिनिटे स्तब्ध झाल्या. मशीद बंदर परिसरातील एका रस्त्यास त्यांचे नाव आहे. १९६१ साली ‘युसूफ मेहेरअली सेंटर’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या उभारणीत डॉ. जी. जी. पारीख यांचा मोठा वाटा होता. पनवेल तालुक्यातील तारा येथे ही संस्था ग्रामोद्योग, आरोग्य व शिक्षण या क्षेत्रांत काम करते.