हार्ड डिस्कची वाटणी

एकत्र कुटुंबाच्या वाड्याची वाटणी होते तेव्हा सामानसुमान जागचे हलत नाही. बदलते ते वाटणीपत्र. संगणकाच्या हार्ड डिस्कचे विभाग पाडणे हे बरेचसे असेच आहे. एका विभागात लिनक्स ही कार्यप्रणाली व दुसऱ्यात आपल्या फायली, अशी व्यवस्था असली म्हणजे कार्यप्रणाली नव्याने बसविताना फायलींना हात लावावा लागत नाही.

हे वाटणीपत्र किती चिमुकले असते! १९८३ साली आयबीएमच्या संगणकांबरोबर रूढ झालेल्या पद्धतीत ते अवघे ६४ बाइटांचे होते. प्रत्येक विभागाच्या नोंदीस १६ बाइट, म्हणून मुख्य विभाग चारच. शिवाय त्याची दुसरी प्रत नसे. तो कागद फाटला की मालमत्ता जागेवर असूनही वारसांना सापडू नये, तशी गत. आजच्या जीपीटी पद्धतीत सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते आणि एक प्रत डिस्कच्या शेवटी जपून ठेवलेली असते.

म्हणूनच चुकून विभाग पुसला गेला, तरी आतील छायाचित्रे किंवा आजीच्या आवाजातील ओव्या तत्क्षणी नष्ट होत नाहीत. हरवतो तो त्यांचा पत्ता. 'टेस्टडिस्क'सारख्या साधनाने तो पुष्कळदा परत मिळतो. मात्र त्या जागेवर नवे काही लिहिले गेले की उपाय खुंटला. तेव्हा प्रथम सर्व मौल्यवान फायलींची प्रत दुसऱ्या उपकरणावर घ्यावी. त्याच डिस्कच्या दुसऱ्या विभागात ठेवलेल्या प्रतीला प्रत म्हणणे ही स्वतःचीच फसवणूक होय.

त्यानंतर 'एलएसबीएलके' ही आज्ञा देऊन डिस्कांची यादी पाहावी. 'एसडीए', 'एसडीबी' या नावांवर विसंबू नये, कारण संगणक पुन्हा सुरू केल्यावर ती अदलाबदल होऊ शकतात. आकारमानावरून डिस्क ओळखावी.

खरी मेख आहे ती क्रमात. विभाग ही खोली मानली, तर तीत फायली लावून ठेवणारी फाइल प्रणाली हे तिच्यातील सामान. खोली लहान करावयाची तर आधी सामान आटोपशीर करावे आणि मग भिंत सरकवावी. मोठी करावयाची तर आधी भिंत, मग सामान. हा क्रम उलटला की फायलींवरच भिंत कोसळते. लिनक्समध्ये सर्रास आढळणारी 'ईएक्सटी४' ही फाइल प्रणाली वापरात असताना वाढविता येते, पण आक्रसता येत नाही. म्हणून पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून 'जीपार्टेड' वापरणे उत्तम. दोन्ही कामे ते योग्य क्रमाने स्वतःच करते. विभागाचा आरंभ सरकवावयाचा असेल, तर आतील सारा मजकूर पुढेमागे उचलून ठेवावा लागतो व त्यास कित्येक तास लागू शकतात. वळवाच्या दिवसांत, वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसताना, हे काम हाती घेऊ नये हेच बरे.

घाबरणाऱ्यांसाठी एक सोय आहे. 'एफडिस्क'मध्ये 'डब्ल्यू' हे अक्षर देईपर्यंत डिस्कवर काहीच लिहिले जात नाही. 'क्यू' दिले की सारे बेत रद्द.

काम झाल्यावर 'एफएसटॅब' ही फाइल अवश्य पाहावी. नव्याने फॉरमॅट केलेल्या विभागास नवा ओळख क्रमांक मिळतो. या फाइलीत जुनाच क्रमांक राहिला, तर पुष्कळ लिनक्स संगणक सुरू होताना त्या बेपत्ता विभागाची दीड मिनिट वाट पाहतात आणि मग आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर येऊन थांबतात.